अंजनेरीच्या पायथ्याशी आकाशदर्शन: एका रात्रीत एकच विषय

जानेवारीतील अमावास्येच्या सुमारास त्र्यंबक रस्त्यावर, अंजनेरीच्या पायथ्याशी एका हौशी मंडळाने सशुल्क आकाशदर्शन ठेवले होते. एका रात्रीत वीस-पंचवीस गोष्टी घाईघाईने दाखवण्याऐवजी आयोजकांनी तारकागुच्छ हा एकच विषय धरला, आणि लहान-मोठ्या वस्तुमानाचे तारे गुच्छात कसे विखुरलेले असतात या प्रश्नाला संपूर्ण रात्र दिली, हे मला मनापासून आवडले.

सुरुवात कृत्तिकांपासून झाली. नुसत्या डोळ्यांना सहा-सात तारे दिसणाऱ्या या गुच्छात हजाराहून अधिक तारे आहेत, आणि त्यांतले जड, तेजस्वी तारे मध्याच्या बाजूला अधिक आढळतात. त्यानंतर आठ इंची दुर्बीण मृगातील तेजोमेघाकडे वळली. सुमारे १,३०० प्रकाशवर्षे दूर असलेल्या त्या धूसर उजेडात ट्रॅपेझियम नावाच्या चौकडीचे चार तारे स्पष्ट वेगळे दिसले. त्यांतला सर्वांत मोठा तारा सूर्याच्या तीसपटींहून जड आहे, तर भोवतीच्या हजारो ताऱ्यांपैकी बहुतेक सूर्याहूनही हलके आहेत.

रात्रीचा सर्वोत्तम भाग मात्र दुर्बिणीपाशी नव्हता. थर्माकोलवर गुच्छाचा छापील नकाशा लावून सर्वांत जड दहा ताऱ्यांवर टाचण्या टोचल्या होत्या, आणि कमीत कमी दोरा लागेल अशा रीतीने त्या आम्हीच जोडायच्या होत्या. मग चिठ्ठ्या टाकून निवडलेले कोणतेही दहा तारे तसेच जोडले, तेव्हा दोरा कितीतरी अधिक लागला. संशोधक याच तत्त्वावर हजारो वेळा यादृच्छिक निवड करून, जड तारे खरोखर दाटीने आहेत की तसा नुसता भास होतो, हे ठरवतात. आठवीतल्या माझ्या भाचीला हे एका फेरीत समजले.

माझा आक्षेप स्पष्टीकरणाविषयी आहे. परस्परांच्या गुरुत्वीय ओढीत जड तारे वेग गमावून मध्याकडे सरकतात आणि हलके तारे वेग मिळवून कडेला जातात, असे निवेदकांनी ठामपणे सांगितले. कृत्तिकांचे वय १० कोटी वर्षांच्या आसपास असल्याने तेथे हे पटते. मृगातील गुच्छ मात्र जेमतेम १० ते ३० लाख वर्षांचा आहे. एवढ्या अवधीत ही सरकासरक पुरी होते, की जड तारे जन्मतःच मध्यभागी, दाट वायूत घडले, यावर अजून वाद आहे. गुच्छ सुरुवातीला पुंजक्या-पुंजक्यांचा असेल तर तो आकसताना ही क्रिया बरीच लवकर घडू शकते, असे संगणकीय प्रारूपे दाखवतात. हा वादच या विषयाचा गाभा असताना तो वगळायला नको होता.

चाळीस माणसांना दोनच दुर्बिणी असल्याने प्रत्येकाच्या वाट्याला ट्रॅपेझियम जेमतेम अर्धा मिनिट आले. तरीही मी पुन्हा जाईन. वृषभेतील मेघांमध्ये एकही जड तारा नसलेले हलक्या ताऱ्यांचे विरळ समूह आहेत; पुढच्या वेळी टाचण्यांचा तोच खेळ त्यांच्या नकाशावरही घ्यावा, अशी विनंती मी आयोजकांना लेखी दिली आहे.