झायन की ब्राइस? एकच दिवस असेल तर

लास व्हेगसहून निघालात तर झायन अडीच-तीन तासांवर, ब्राइस साधारण चार तासांवर. दोन्ही युटामधली राष्ट्रीय उद्यानं, दोन्हीकडे लाल खडक, आणि फोटो पाहून कुठलं घ्यावं कळत नाही. माझ्या मते हा निर्णय सोबत कोण आहे आणि महिना कोणता, यावर घ्यावा.

झायनला आपण दरीच्या तळाशी असतो. व्हर्जिन नदीने कापलेल्या दोन हजार फुटी भिंती दोन्ही अंगांना उभ्या. बघायचं ते मान वर करून. ब्राइसला गाडी थेट कड्यावर पोचते आणि केशरी-गुलाबी सुळक्यांचं रान पायाखाली पसरलेलं असतं. झायनचे बरेच ट्रेक आधी चढायचे, मग उतरायचे. ब्राइसला नेमकं उलटं: नवाहो लूप आणि क्वीन्स गार्डन या दोन वाटा मिळून जेमतेम तीन मैल, पण उतरताना हौसेने उतरतो आणि सहाशे फुटांचा चढ शेवटी येतो, तोही आठ हजार फुटांवर. कळसूबाईचं शिखर साडेपाच हजारांच्या आत आहे, यावरून दम किती लागेल याचा अंदाज घ्या.

तरीही भारतातून आलेले आई-बाबा सोबत असतील आणि दिवस एकच असेल, तर मी ब्राइस सांगेन. सनराइज पॉइंट ते सनसेट पॉइंट हा अर्ध्या मैलाचा रस्ता पक्का, जवळपास सपाट, आणि दरीत न उतरताही मुख्य देखावा पुरेपूर दिसतो. दरीचं तोंड पूर्वेला, त्यामुळे सकाळी लवकर जा. पहिलं ऊन पडलं की सुळके आतून पेटल्यासारखे दिसतात. फक्त स्वेटर विसरू नका, उन्हाळ्यातही पहाटे थंडी असते.

पायांत जोर असेल तर मात्र झायनच, आणि तेही नॅरोजसाठी, म्हणजे नदीतून चालत जायच्या अरुंद घळीसाठी. एंजल्स लँडिंग या उंच सुळक्यावरच्या ट्रेकचं नाव जास्त आहे, पण साखळी धरून जायच्या शेवटच्या टप्प्याला 2022 पासून लॉटरीने परवाना मिळतो. नंबर लागेलच असं नाही. नॅरोजला खालच्या बाजूने जायला परवाना लागत नाही. उद्यानाच्या शटल बसच्या शेवटच्या थांब्यापासून नदीकाठचा मैलभर पक्का रस्ता, तो संपला की सरळ पाण्यात. वाट म्हणजे नदीच. तळाशी गोल, निसरडे धोंडे असतात आणि गढूळ पाण्यात पाऊल कुठे पडतंय ते दिसत नाही. काठी आधी टेकवायची, मग पाय. काठी आणि बूट बाहेर स्प्रिंगडेल गावात भाड्याने मिळतात.

इथे महिना महत्त्वाचा. वसंतात बर्फ वितळून नदीला पाणी वाढतं आणि नॅरोज बहुतेकदा बंद असते. जुलै ते सप्टेंबर वळवासारखा पाऊस कोसळतो. तो मैलोन्‌मैल दूर पडला तरी लोंढा दरीत येतो. त्या दिवशीचा पुराचा इशारा पाहिल्याशिवाय उतरूच नका. पाणी अचानक गढूळ झालं, काटक्या वाहत आल्या, की लगेच उंच जागा गाठायची. सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरचा पहिला पंधरवडा मला सगळ्यांत चांगला वाटतो. भर उन्हाळ्यात झायनचा तळ चाळिशीला टेकतो, तेव्हा ब्राइस बरं. हिवाळ्यात ब्राइसच्या वाटा बर्फाने घसरड्या होतात, झायन त्या मानाने सुसह्य.

दोन दिवस जमत असतील तर दोन्ही करा. मधलं अंतर दोन तासांचं आहे. झायन आधी घ्या, संध्याकाळी ब्राइसला मुक्कामाला पोचा. तिथलं आकाश इतकं काळं असतं की अमावास्येच्या आसपास आकाशगंगा नुसत्या डोळ्यांनी दिसते, आणि सकाळच्या उन्हासाठी आयतेच जागेवर असता.