मेंदूच्या टीबीसाठी एक्स्पर्ट अल्ट्रा: वापरानंतरचे मत

रुग्णाचे डोके 15 दिवस दुखत राहते, अंगात बारीक ताप असतो, अन्नावरची वासना उडते, पुढे उलट्या सुरू होतात आणि एखाद्या सकाळी तो घरच्या माणसांनाच ओळखेनासा होतो. क्षयरोग सर्रास आढळतो त्या भागांतही हे दुखणे आधी विषमज्वर किंवा अर्धशिशी समजून काढले जाते. परिणामी, रुग्ण आमच्यापर्यंत पोचतो तेव्हा बहुधा त्याची शुद्ध हरपू लागलेली असते. मणक्यातून काढलेल्या पाण्यात क्षयाचे जंतू आहेत का, याचे उत्तर त्याच दिवशी देणारे साधन म्हणून सेफाइड कंपनीचे एक्स्पर्ट अल्ट्रा कार्ट्रिज (नमुना भरून तपासणी यंत्रात बसवायची डबी) आम्ही काही वर्षे वापरत आहोत. ते उपयोगी आहे, पण त्याच्या ‘नाही’वर विसंबू नये, असे माझे मत झाले आहे.

आधी गुणांविषयी. या आजारात पाण्यात जंतू फारच विरळ असतात, त्यामुळे सूक्ष्मदर्शकाखाली ते बहुतेक वेळा सापडत नाहीत, आणि कल्चरचे, म्हणजे प्रयोगशाळेत जंतू वाढवून पाहण्याच्या तपासणीचे, उत्तर यायला 2 ते 6 आठवडे लागतात, तेवढा अवधी रुग्णाजवळ नसतो. अल्ट्राचे उत्तर दीड तासाच्या आत मिळते. जुन्या एक्स्पर्टला एका मिलिलिटरमध्ये सुमारे 113 जंतू असावे लागत, अल्ट्राला सुमारे 16 पुरतात. तपासणीच्या कप्प्यात आता दुप्पट नमुना जातो आणि जंतूच्या जनुकसंचात अनेकदा येणारे दोन भाग शोधले जातात, हे त्याचे कारण आहे. जागतिक आरोग्य संघटनेने 2017 मध्ये त्याची शिफारस केली. ‘आढळला’ असे उत्तर आले की मी निःशंकपणे उपचार चालू करतो.

अडचण ‘आढळला नाही’ या उत्तराची आहे. युगांडातील एचआयव्हीबाधित प्रौढांवरील 2018 च्या अभ्यासात, प्रयोगशाळेत सिद्ध झालेल्या रुग्णांपैकी सुमारे 95 टक्के अल्ट्राने ओळखले. व्हिएतनाममधून 2020 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात मात्र, लक्षणे आणि इतर तपासण्यांवरून ठरवलेल्या निदानाशी तुलना केली असता, हे प्रमाण निम्म्याहून कमी भरले. तुलनेची फूटपट्टी वेगळी होती आणि रुग्णही वेगळे होते. तरीही निष्कर्ष एकच निघतो, की जंतू न सापडणे म्हणजे आजार नसणे नव्हे. हे मला पुस्तकातून ठाऊक होते, पण पटले ते एका रुग्णामुळे. पाण्यात लिम्फोसाइट (एक प्रकारच्या पांढऱ्या) पेशी वाढलेल्या, प्रथिने भरपूर आणि साखर रक्तातल्या साखरेच्या निम्म्याहूनही कमी, अशी टीबीकडेच बोट दाखवणारी स्थिती असताना केवळ अल्ट्राचे उत्तर नकारार्थी आले म्हणून एका रुग्णालयाने त्याची औषधे थांबवली होती. आठवड्याभरात तो मेंदूत पाणी साचलेल्या अवस्थेत आमच्याकडे आला. दोष यंत्राचा नव्हता, हे खरे. परंतु अहवालावर मोठ्या अक्षरांत छापलेला नकार थकलेल्या डॉक्टरला फार सोयीचा वाटतो.

नकार खोटा ठरण्याचे एक कारण आपल्याच हातात असते. बहुतेक ठिकाणी 1 किंवा 2 मिली पाणी पाठवले जाते. निदान 6 मिली, शक्यतो 8 ते 10 मिली पाणी घेऊन ते सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवावे आणि तळाशी बसलेला साका कार्ट्रिजमध्ये घालावा; मग यंत्राला शोधायला काहीतरी मिळते. एवढे पाणी काढले तर रुग्ण पांगळा होईल, अशी भीती नातेवाईक बोलून दाखवतात. प्रौढ माणसाच्या शरीरात मेंदू-मणक्याचे हे पाणी दिवसाला सुमारे 500 मिली नव्याने तयार होते, म्हणजे काढलेले 10 मिली अर्ध्या तासात भरून निघते, एवढे सांगितले की बरेचजण राजी होतात. मेंदूत गाठ किंवा मोठी सूज असल्याची शंका असेल तर मात्र आधी स्कॅन करावे.

यंत्राचे नखरे थोडे आहेत: त्याला अखंड वीज, धूळ नसलेली थंड खोली आणि वर्षातून एकदा मोजमापाची पडताळणी लागते.

अल्ट्राच्या अहवालात ‘ट्रेस’ नावाचा एक प्रकार येतो, म्हणजे जंतूचा अगदी पुसट माग. थुंकीच्या नमुन्यात, विशेषतः पूर्वी टीबी होऊन गेलेल्या माणसाच्या, तो फसवा ठरू शकतो; मणक्याच्या पाण्यात तो आढळला तर आजार आहे असेच धरून औषधे सुरू करायची असतात. मात्र या प्रकारात रिफाम्पिसिन हे टीबीवरचे मुख्य औषध लागू पडेल की नाही, हे यंत्र सांगू शकत नाही, आणि रिफाम्पिसिनला न जुमानणारा मेंदूचा टीबी बहुतेकदा जीवघेणा ठरतो. म्हणून आम्ही साक्याचा थोडा भाग पहिल्याच दिवशी कल्चरसाठी वेगळा काढून ठेवतो.