सॅडल ब्रॉन्क की बुल रायडिंग: मनापासून पाहायला एकच निवडायचं झालं तर

रोडिओ म्हणजे उधळत्या घोड्या-बैलांवर बसणं, दोर टाकून जनावर पकडणं अशा प्रकारांची उत्तर अमेरिकेतली स्पर्धा. कॅल्गरीचं स्टॅम्पीड किंवा ह्यूस्टनचा मार्चमधला रोडिओ एक-दोनदा पाहून झाला की पुढचा प्रश्न येतो. आठ सेकंद टिकायचं, धरायला एकच हात, गुण शंभरपैकी, एवढं कळलेलं असतं. आता एखादा प्रकार धरून नीट पाहायचा असतो, त्यातल्या स्वारांच्या आणि जनावरांच्या नावांसकट. सगळे प्रकार एकदम धरता येत नाहीत, निदान नोकरी सांभाळून तरी नाही. बेअरबॅक, म्हणजे खोगिराशिवाय उधळत्या घोड्यावरची स्वारी, इथे बाजूला ठेवतो. तो प्रकार उत्तम आहे, पण त्यातलं चांगलं-वाईट नव्या डोळ्याला पकडायला फार जड जातं. उरतात सॅडल ब्रॉन्क, म्हणजे खोगीर घातलेल्या उधळत्या घोड्यावरची स्वारी, आणि बुल रायडिंग, म्हणजे बैलावरची. मी दोन्ही पाहून सॅडल ब्रॉन्ककडे वळलो. त्याचं कारण एकच आहे आणि ते प्रत्येकाला पटेल असं नाही.

आधी बुल रायडिंगच्या पदरात पडतं ते टाकू. सोय तिथे जास्त आहे, यात वाद नाही. 1992 मध्ये वीस स्वारांनी प्रत्येकी हजार डॉलर घालून पीबीआर ही संघटना उभी केली. तेव्हापासून फक्त बैलांची अशी संध्याकाळभराची स्पर्धा मिळते, आणि 2022 पासून संघांची स्वतंत्र लीगही आहे. सॅडल ब्रॉन्कचं तसं नाही. पीआरसीए या व्यावसायिक रोडिओ संघटनेच्या रोडिओत तो अनेक प्रकारांतला एक. दहा-पंधरा स्वार येतात, अर्ध्या तासाच्या आत आटोपतं, आणि लगेच दोरीवाले मैदानात उतरतात. फक्त ब्रॉन्कच्या स्पर्धा निघाल्या आहेत, पीआरसीएचीच एक्स्ट्रीम ब्रॉन्क्स मालिका आहे, पण त्या तुमच्या गावाजवळ होतील याचा भरवसा नाही.

दुसरी गोष्ट म्हणजे बैल. त्यांची कीर्ती स्वारांपेक्षा मोठी असते, आणि ते योग्यच आहे. बुशव्हॅकरने वरच्या पातळीवर सलग 42 स्वार पाडले. ऑगस्ट 2013 मध्ये टल्सात जे. बी. मॉनी त्याच्यावर टिकला तेव्हा 95.25 गुण झाले. बोडेशसने ऑक्टोबर 1995 मध्ये टफ हेडमनच्या चेहऱ्याची हाडं मोडली. त्याच डिसेंबरच्या नॅशनल फायनल्समध्ये, म्हणजे एनएफआर या हंगामाच्या अंतिम रोडिओत, सोडतीत तोच बैल पुन्हा हेडमनच्या वाट्याला आला. त्याने फाटक उघडायला लावलं, बैल रिकामाच जाऊ दिला आणि टोपी हलवली. रोडिओत याला टर्न आउट म्हणतात. आठशे-नऊशे किलोचं जनावर एका जागी गिरक्या घेताना पाहिलं की अंगावर काटा येतो. घोडा असा काटा आणत नाही, हे मान्य.

मग अडतं कुठे? भोपळ्यापाशी.

बैलावरच्या बहुतेक स्वाऱ्या आठ सेकंदांपर्यंत पोचत नाहीत. अव्वल स्पर्धांतही निम्म्याहून बऱ्याच कमी स्वारांना गुण मिळतात. काही रात्री तर ओळीने सात-आठ जण पडतात आणि फलकावर फक्त सेकंद दिसत राहतात: 2.3, 4.1, 1.9. पीबीआरमध्ये पडलेल्या स्वारीतही बैलाला गुण देतात, तेवढाच आधार. पण 6.8 सेकंद सुरेख बसलेला आणि पहिल्याच उडीत घसरलेला, दोघांचा हिशेब सारखाच. चुरस पाहणाऱ्याला हे चालतं, किंबहुना त्यातच रंगत असते. मला ते खुपलं, कारण नजर तयार होते ती गुणांशी ताडून. आपण मनात 82 धरले आणि पंचांनी 86 दिले की चार गुण कुठे हुकले ते शोधता येतं. संध्याकाळभरात अशा चार-पाचच संधी आल्या तर हंगाम संपेपर्यंत आपण तिथेच असतो. थरार मिळतो, पण कळत काही नाही.

त्यात बैलावरची पकड गॅलरीतून दिसत नाही, आणि सगळा खेळ तर त्या पकडीत आहे. वशिंडाच्या मागून छातीभोवती चपट्या विणीचा दोर घेतलेला असतो. हातमोज्यावर राळ घासून ती चिकट होईपर्यंत तापवतात. साथीदार वरून दोराचं शेपूट ओढून धरतो, स्वार ते तळव्यावरून घेतो, अनेक जण हातामागून एक वेढाही देतात, मग मूठ मिटून वरून ठोकतात. पोटाखाली लटकणारी घंटा नुसती आवाजासाठी नसते. स्वाराने मूठ सोडली की तिच्या वजनाने दोर गळून पडायला हवा. उजव्या हाताने धरणाऱ्याचा बैल उजवीकडे फिरला तर ‘हाताकडे’ फिरला म्हणतात, ते सहसा सोपं. डावीकडे फिरला की स्वार बाहेर फेकला जातो. धरलेल्या हाताच्या विरुद्ध बाजूला पडला तर मूठ दोरात मुरगळून अडकते, त्याला हँग अप म्हणतात, आणि बुलफायटर, म्हणजे बैलाला स्वारापासून दूर वळवणारी मैदानातली माणसं, जिवावर उदार होऊन धावतात ते तेव्हाच. हे सारं घडतं सुपाएवढ्या जागेत. पडद्यावर पुन्हा दाखवलं तरच कळतं की मूठ आधी उघडली, की मोकळा हात बैलाला लागला.

घोड्यावर निर्णायक गोष्टी उघड्यावर असतात: पाय आणि दोर.

मार्क आउटचा नियम तुम्हाला ठाऊक असेल. पहिल्या उडीनंतर घोड्याचे पुढचे पाय जमिनीला टेकतात त्या क्षणी स्वाराच्या दोन्ही टाचा घोड्याच्या खांद्यांच्या टोकांवर किंवा त्यापुढे असल्या पाहिजेत. नसतील तर पुढे कितीही देखणी स्वारी होवो, भोपळा. हा नियम काहींना जाचक वाटतो. मला तो पटतो, कारण चूक आपल्या डोळ्यांदेखत होते आणि पंचाच्या आधी आपणही ती सांगू शकतो. घोडा शूटमध्ये, म्हणजे त्या लोखंडी खणात, अडून राहिला तर पंच ही अट माफ करतात, तेवढं लक्षात ठेवा.

त्यानंतरची लय पाहायची. टाचा मानेपासून खोगिराच्या मागच्या काठापर्यंत ओढल्या जातात आणि घोड्याचे पुढचे पाय पुन्हा टेकायच्या आत झटक्यात मानेशी परत येतात. चवडे बाहेर वळलेले हवेत. ही फेक पूर्ण आहे की अर्धी, वेळेवर आहे की मागे पडतेय, हे चार उड्यांत समजतं. ताल चुकलेला स्वार टाचा मागे असतानाच घोडा जमिनीवर उतरताना सापडतो, पुढे कलंडतो आणि पुढच्या उडीत रिकीब हुकते. रिकीब सुटली की भोपळा, हातातला दोर सुटला तरी भोपळा, मोकळा हात घोड्याला, खोगिराला किंवा स्वतःला लागला तरीही. एवढे सापळे असूनही मोठ्या रोडिओत बऱ्याच स्वाऱ्या गुणांपर्यंत पोचतात. शिकणाऱ्याला हेच हवं असतं.

आता दोर, म्हणजे रेन. माझ्या मते या प्रकाराचा जीव तिथे आहे. लगाम नसतो, तोंडात कडी नसते. म्होरकीला जोडलेला एक जाड विणलेला दोर, आणि तो किती लांब धरायचा हे सर्वस्वी स्वाराने ठरवायचं. घोडा शूटमध्ये डोकं नेहमीसारखं धरून उभा असताना दोर मानेवरून मागे ओढतात. खोगिराच्या पुढच्या उंचवट्यामागे मूठ ठेवून अंगठा ताणतात. अंगठ्याचं टोक येतं ते साधारण माप, त्याला ॲव्हरेज म्हणतात. मग घोड्याप्रमाणे बोटं वाढवायची किंवा कमी करायची. डोकं खोल खाली घालणाऱ्याला जास्त दोर, मान उंच ठेवणाऱ्याला कमी. आयाळीचे चार केस उपटून दोराच्या विणीत खोवतात, खूण म्हणून. मूठ बरोबर तिथे बसली पाहिजे. दोर लांब राहिला तर उचलून धरायला ताणच मिळत नाही आणि स्वार मागच्या काठावरून फेकला जातो. आखूड पडला तर घोड्याने डोकं घातल्याबरोबर तो पुढे खेचला जातो. दोन बोटांच्या फरकाने स्वारी जाते. म्हणून स्वार एकमेकांना फोन करून अमक्या घोड्याला किती दोर दिलास ते विचारतात, आणि ज्याच्याशी उद्या स्पर्धा आहे तोसुद्धा खरं माप सांगतो. या खेळातली ही रीत मला फार आवडते.

गुण दोन्हीकडे सारखेच मोजतात. पीआरसीएत दोन पंच, प्रत्येकाकडे स्वाराचे 25 आणि जनावराचे 25. म्हणजे निम्मा निकाल सोडतीत कोणतं जनावर मिळालं यावर असतो. जनावर मंद निघालं किंवा पडलं तर री-राइड, म्हणजे दुसऱ्या जनावरावर नवी स्वारी, देऊ करतात. घोड्यावर 74 मिळालेल्याने री-राइड घ्यावी का, हा प्रश्न खरोखर अवघड असतो, कारण नवा घोडा पाडूही शकतो आणि हातातले 74 तर सोडलेले असतात. बैलांत हा पेच क्वचितच इतका रंगतो.

घोड्यांचा आणखी एक फायदा हळूहळू लक्षात येतो. उधळणारा बैल ऐन भरात असतो तो मोजकी वर्षं. घोडे मात्र पंधरा वर्षांचे होऊनही एनएफआरला दिसतात. मेडिसिन वुमन ही घोडी 2011 मध्ये वर्षातली सर्वोत्तम सॅडल ब्रॉन्क ठरली आणि 2014 ते 2016 अशी सलग तीनदा पुन्हा ठरली. एवढा काळ एकच घोडी वेगवेगळ्या स्वारांखाली पाहिली की स्वारांमधला फरक आपोआप उमगतो. कॅनडात राहणाऱ्यांना तर हे घरचंच आहे. स्टॅम्पीडचा स्वतःचा रँच अल्बर्टात हॅनाजवळ आहे आणि तिथे उधळणाऱ्या घोड्यांची पैदास 1961 पासून चालते. चार वेळचा जागतिक विजेता झीक थर्स्टनही अल्बर्टातल्या बिग व्हॅलीचाच.

दोन्हीतलं कठीण काय, हा वाद मी टाळतो. युटातल्या राइट घराण्यातला स्टेट्सन 2020 मध्ये बैलांवर आणि 2021 मध्ये सॅडल ब्रॉन्कमध्ये जागतिक विजेता झाला. त्याचे वडील कोडी 2008 आणि 2010 चे सॅडल ब्रॉन्क विजेते, भाऊ रायडर 2017 आणि 2020 चा. त्या घरात मुख्य धंदा ब्रॉन्कचाच, एवढं नोंदवतो.

धोक्याबद्दल स्पष्ट लिहायला हवं, कारण घरच्यांना घेऊन जाणारे विचारतात. घोड्यावर आठ सेकंद झाले की दोन पिकअपवाले आपल्या घोड्यांवरून बाजूला येतात, स्वाराला उचलून घेतात आणि उधळणाऱ्या घोड्याच्या कमरेचा पट्टा, म्हणजे फ्लँकचा पट्टा, सोडवतात. बैलावरून उतरायची अशी सोय नाही. उडी टाकायची आणि धावायचं. बैलांवरचा स्वार लेन फ्रॉस्टने 30 जुलै 1989 रोजी अमेरिकेतल्या शायेनच्या रोडिओत स्वारी पूर्ण केली होती. उतरल्यावर बैलाने मागून मारलं आणि तो गेला. त्यानंतर संरक्षक जाकिटं आली. घोड्यावरही हाडं मोडतात, गुडघे जातात. तरी मुलांना शेजारी बसवून बघायचं तर मी ब्रॉन्क सुचवेन.

फ्लँकच्या पट्ट्याबद्दल आपल्याकडचे लोक हमखास विचारतात. बैलगाडा शर्यतींचा न्यायालयातला वाद पाहिलेल्यांनी विचारणं साहजिकच आहे. पट्टा बरगड्यांच्या मागे, मागच्या पायांपुढे कमरेला बसतो. वृषणांना बांधतात ही समजूत खोटी आहे, आणि मेडिसिन वुमनसारख्या घोड्या याच पट्ट्याने उधळतात. घोड्याच्या पट्ट्याला मेंढीच्या कातड्याचं अस्तर असतं. ब्रॉन्क स्वाराच्या टाचेवरची चक्री बोथट आणि मोकळी फिरणारी असावी लागते. हे वाचूनही काहींना पटणार नाही. त्यांनी दोन्ही पाहू नयेत, हेच बरं.

तिकीट काढताना: बुल रायडिंगला शूटच्या जवळ, खाली बसा. दोर बांधण्याची तयारी हाच तिथला बघण्यासारखा भाग आहे. सॅडल ब्रॉन्कला हीच जागा वाईट, कारण घोडा पाठ करून दूर जातो आणि टाचा दिसत नाहीत. मैदानाच्या लांब बाजूला, शूटपासून जरा पुढे, पाच-सहा रांगा वर बसा, म्हणजे पहिली उडी आडवी दिसते. ह्यूस्टनच्या एनआरजीसारख्या अवाढव्य स्टेडियममध्ये वरची तिकिटं मिळाली तर पडद्यावरच पाहावं लागेल, आणि मग दोन्हींत फारसा फरक उरत नाही.

महिन्यातून एखादी संध्याकाळ मित्रांबरोबर घालवायची असेल आणि निकालाची चिकित्सा करायची नसेल, तर बुल रायडिंग घ्या, पैसे वसूल होतील. हंगामभर पाठ धरायची असेल तर पहिले दोन-तीन रोडिओ फक्त सॅडल ब्रॉन्क पाहा. आधी पहिल्या उडीतल्या टाचा, त्या जमल्या की दोराची मूठ, आणि प्रत्येक स्वारीला गुण जाहीर व्हायच्या आत आपला आकडा ठरवून ठेवा.