पहिला प्रोग अल्बम कोणता? बँडच्या मोठेपणापेक्षा आपला कान बघा

प्रोग (प्रोग्रेसिव्ह) रॉक, म्हणजे लांब, गुंतागुंतीच्या रचनांचं रॉक संगीत, ऐकायला सुरुवात करायची आहे असं चार चाहत्यांना सांगितलं, की बघता बघता तीस बँडची यादी हातात पडते. प्रत्येक नाव मनापासून सुचवलेलं असतं. पण यादी सांगणाऱ्याच्या आवडीची असते, ऐकणाऱ्याच्या कानाचा विचार तिच्यात क्वचितच असतो. मला पहिल्यांदा एका मित्रानं थेट ओपेथ या मेटल बँडचा ‘ब्लॅकवॉटर पार्क’ दिला होता. आज तो माझ्या सगळ्यात लाडक्या अल्बमांमध्ये आहे. तेव्हा मात्र पहिल्याच गाण्यात ग्रोल, म्हणजे घशातून गुरगुरत गाणं, सुरू झाला, मी हेडफोन काढून ठेवले आणि पुढे दोन वर्षं या संगीताकडे फिरकले नाही.

म्हणून इथे ‘सर्वश्रेष्ठ दहा’ सांगत नाही. नवा ऐकणारा ज्या नावांमध्ये हमखास अडकतो, ती शेजारी शेजारी ठेवते आणि कुठल्या कानाला काय मानवेल ते सांगते. एक गोष्ट आधीच पक्की करा: बँड निवडू नका, अल्बम निवडा. या मंडळींचे दहा वर्षांच्या अंतरानं आलेले दोन अल्बम ऐकले तर बँड एकच आहे यावर विश्वास बसत नाही. ‘अमुक बँड मला आवडला नाही’ असं म्हणणाऱ्यांनी बहुतेकदा चुकीच्या दारानं प्रवेश केलेला असतो.

दुसरी गोष्ट वेळेची. सत्तरच्या दशकातले अल्बम साधारण ४० मिनिटांत संपतात, कारण रेकॉर्डच्या एका बाजूवर चांगल्या आवाजात वीसेक मिनिटंच मावायची. वीस मिनिटांची ती प्रसिद्ध लांबलचक गाणी म्हणजे अख्खी एक बाजू. पुढे सीडी आली, जागा जवळपास दुप्पट झाली आणि प्रोग मेटलचे (याच शैलीच्या जड, मेटल रूपाचे) अल्बम ७०-७५ मिनिटांवर गेले. सलग सव्वा तास बसायची सवय नसेल, तर जुन्यापासून सुरुवात करणं सोपं जातं. त्याचा जुन्या-नव्याच्या प्रतवारीशी काही संबंध नाही.

येस की किंग क्रिमझन

या दोघांना जोडणारा माणूस म्हणजे ड्रमर बिल ब्रुफर्ड. येसचा ‘क्लोज टू दि एज’ १९७२ मध्ये रेकॉर्ड झाला, आणि बँड यशाच्या चढणीवर असताना ब्रुफर्ड तो सोडून किंग क्रिमझनमध्ये गेला. का गेला असेल, हे दोन्ही बँड लागोपाठ ऐकले की कानालाच उमगतं.

येसचं संगीत उजळ आहे. ‘क्लोज टू दि एज’मध्ये फक्त तीन गाणी, त्यातलं पहिलं पावणेएकोणीस मिनिटांचं. सुरुवातीला सगळी वाद्यं एकमेकांवर आदळत असल्यासारखी वाटतात. मग जॉन अँडरसनचा उंच, निर्मळ आवाज येतो आणि त्या गर्दीला दिशा मिळते. ख्रिस स्क्वायरचा बेस इथे मागे राहून साथ करत नाही, तो स्वतःची वेगळी चाल घेऊन पुढे असतो. पहिल्यांदा ऐकताना फक्त बेसच्या मागे जा, गाणं उलगडत जाईल.

किंग क्रिमझन अंधारात नेतो. १९६९ चा ‘इन द कोर्ट ऑफ द क्रिमझन किंग’ बहुतेक जण सुचवतात आणि तो ऐकायलाच हवा, पण माझं मत १९७४ च्या ‘रेड’ला. तो बाजारात येण्याआधीच बँडचा गिटारवादक रॉबर्ट फ्रिप यानं बँड बंद केला होता. त्यातलं शेवटचं गाणं ‘स्टारलेस’ बारा मिनिटांचं आहे. आधी एक संथ, उदास चाल. मग गाणं थांबल्यासारखं होतं, बेस तेरा मात्रांचं आवर्तन धरतो आणि फ्रिप गिटारवर जवळजवळ एकाच सुरावर घुटमळत राहतो. ताण मिनिटामिनिटानं वाढतो, सूर इंचाइंचानं वर सरकतो. शेवटी सगळं फुटतं आणि सुरुवातीची तीच उदास चाल पूर्ण ताकदीनं परत येते. ऐकणाऱ्याला इतका वेळ ताणून धरायची आणि मग त्याचं पुरेपूर फळ द्यायची अशी हिंमत मला रॉकमध्ये दुसरीकडे फारशी भेटलेली नाही.

सुरावटीनं मन प्रसन्न व्हावंसं वाटत असेल तर येस घ्या. पुढे मेटलकडे जायचा विचार असेल तर ‘रेड’ घ्या. त्यातली जड, खरखरीत गिटार ऐकली की नंतरच्या कितीतरी बँडांचं मूळ सापडतं.

पिंक फ्लॉइड की जेनेसिस

फ्लॉइड तुम्ही कळत-नकळत ऐकलेला असतो. १९७३ चा ‘द डार्क साइड ऑफ द मून’ हा अजूनही सगळ्यात सुरक्षित प्रवेश आहे. तो कधीच घाई करत नाही, आणि विषम मात्रांची ओळख तर न कळत करून देतो. ‘मनी’ हे गाणं सात मात्रांत चालतं, सॅक्सोफोनचा सोलोही त्याच सातात, आणि गिटार सोलो सुरू होताच ताल चारवर येतो. तो बदल अंगाला आधी कळतो, डोक्याला नंतर. बोटांवर मात्रा मोजत ऐकून बघा, एका बैठकीत या शैलीची अर्धी भीती जाईल.

जेनेसिसला शब्दांची आवड असलेला श्रोता लागतो. पीटर गॅब्रिएल १९७५ पर्यंत त्यांच्यासोबत होता. त्याच्या काळातली गाणी म्हणजे छोटी नाटकंच: पात्रं, आवाज बदलून म्हटलेले संवाद, मध्येच वळण घेणारी गोष्ट. ‘फॉक्सट्रॉट’मधलं तेवीस मिनिटांचं ‘सपर्स रेडी’ चाहते आधी सुचवतात. मी ते दुसऱ्या महिन्यात ऐका म्हणेन. आधी ‘सेलिंग इंग्लंड बाय द पाउंड’ (१९७३) आणि त्यातलं ‘फर्थ ऑफ फिफ्थ’. टोनी बँक्सच्या पियानोनं ते सुरू होतं, मधे बासरीवर एक नाजूक चाल येते आणि पुढे स्टीव्ह हॅकेट तीच चाल गिटारवर लांब, ओढून धरलेल्या सुरांत परत आणतो. तीच चाल, पण बासरीवर ती सहज आलेली वाटते आणि गिटारवर विरहासारखी.

वातावरण हवं असेल तर फ्लॉइड, गोष्ट हवी असेल तर जेनेसिस. या जोडीत मला याहून अवघड काही दिसत नाही.

रश: मधला पूल

कॅनडाचे तिघं. रॉक आवडतो पण वीस मिनिटांची गाणी नकोत, अशांसाठी १९८१ चा ‘मूव्हिंग पिक्चर्स’. चाळीस मिनिटांत सात गाणी, आणि त्यांतली बहुतेक लगेच लक्षात राहतात. ‘वायवायझेड’ हा टोरंटोच्या विमानतळाचा कोड. त्या अक्षरांचा मोर्स संकेत हाच गाण्याच्या सुरुवातीचा ताल आहे. गेडी लीचा उंच, टोकदार आवाज काहींना पहिल्यांदा टोचतो. टोचला तर हे शब्दांविना असलेलं गाणंच आधी लावा. नील पर्टचे ड्रम तुम्हाला बाकी अल्बमपर्यंत नेतील.

ड्रीम थिएटर की टूल

प्रोग मेटलकडे वळलेल्यांचा सगळ्यात मोठा वाद इथे होतो आणि तो बराचसा वायफळ असतो, कारण दोघांचं ध्येयच वेगळं आहे. दोघंही विषम मात्रांत वाजवतात. ड्रीम थिएटर ते तुम्हाला दिसू देतो, टूल लपवतो.

ड्रीम थिएटर १९८५ मध्ये बॉस्टनच्या बर्कली संगीत महाविद्यालयातल्या तीन विद्यार्थ्यांनी सुरू केला. ती तयारी त्यांच्या प्रत्येक मिनिटात ऐकू येते: गिटार आणि कीबोर्ड एकाच वेगानं, स्वराला स्वर लावून धावतात, ताल दर काही आवर्तनांनी बदलतो आणि तरीही सगळे बरोबर समेवर येतात. ‘यात भावना नाही, नुसती कसरत आहे’ ही टीका मला पटत नाही. ‘इमेजेस अँड वर्ड्स’ (१९९२) ऐका. त्यात कसरतीइतक्याच गुणगुणता येतील अशा चाली आहेत. ‘सीन्स फ्रॉम अ मेमरी’ (१९९९) ही ७७ मिनिटांची अखंड गोष्ट आहे, एका माणसाला त्याच्या मागच्या जन्मातल्या खुनाचा छडा लागण्याची. ती तुकड्यांत ऐकू नका, एक संध्याकाळ मोकळी ठेवा. ड्रमर माइक पोर्टनॉय २०१० मध्ये बाहेर पडला आणि २०२३ मध्ये परतला. २०२५ चा ‘पॅरासोम्निया’ त्यानंतरचा. तो चाहत्यांसाठी मोठा आनंद आहे, पण पहिला अल्बम म्हणून मी तो देणार नाही. निवड खरी ठरते ती जेम्स लाब्रीच्या आवाजावर. ऐंशीच्या दशकातल्या हेवी मेटलचे उंच आवाज तुम्हाला आवडत असतील तर तो लगेच आपला वाटेल. नाहीतर चार-पाच वेळा ऐकावं लागेल.

टूलमध्ये आवाज वाद्यांच्या वर चढून बसत नाही, त्यांच्यात मिसळलेला असतो. एक रिफ (पुन्हा पुन्हा वाजणारी छोटी चाल) कितीतरी वेळ धरून ठेवायची आणि तिच्याखाली डॅनी कॅरीनं ड्रमवर जमीन सरकवत न्यायची, हा त्यांचा बाज. ‘लॅटरॅलस’ (२००१) या अल्बमच्या शीर्षकगीतात ओळींमधल्या अक्षरांची संख्या फिबोनाची क्रमानं (प्रत्येक आकडा म्हणजे आधीच्या दोघांची बेरीज) वाढते: १, १, २, ३, ५, ८, आणि मग उतरत येते. मुख्य रिफमध्ये ९, ८ आणि ७ मात्रांचे गट एकामागून एक येतात. यातलं काहीही ठाऊक नसताना मी ते गाणं वर्षभर ऐकत होते आणि ते तितकंच चढत होतं. म्हणून गणितासाठी ऐकू नका, त्या चढण्यासाठी ऐका. ग्रंज किंवा ऑल्टरनेटिव्ह रॉक ऐकून आलेल्यांना टूल सहज जवळचा वाटतो. सोलोंची आस असलेल्यांना मात्र कोरडं वाटेल. इथे सोलो कमी आहेत आणि जे आहेत ते दिपवण्यासाठी नाहीत. २००६ नंतर थेट २०१९ मध्ये आलेला ‘फिअर इनॉक्युलम’ त्याहून संथ आहे, दहा मिनिटांच्या वरची सहा गाणी. ‘लॅटरॅलस’ मुरल्याशिवाय त्याला हात लावू नका.

ज्यांच्याबद्दल थोडक्यात

मेशुगा हा स्वीडनचा बँड शिफारशीत नेहमी येतो. उजव्या हातानं झांजेवर साधा चारचा ताल चालू, आणि पायातला ड्रम व गिटार वेगळ्याच लांबीचं आवर्तन फिरवत राहतात. विलक्षण आहे, पण गायन सुरुवातीपासून शेवटपर्यंत ओरडलेलं असतं. ‘ऑबझेन’ (२००८) तिथपर्यंत पोहोचल्यावर घ्या. नव्यांमध्ये हेकनचा ‘द माउंटन’ (२०१३) येस-जेनेसिस आवडलेल्यांसाठी, लेप्रसचा ‘पिटफॉल्स’ (२०१९) फक्त आवाजासाठी ऐकणाऱ्यांसाठी, कार्निव्हूलचा ‘साउंड अवेक’ (२००९) टूल आवडलेल्यांसाठी. पोलंडच्या रिव्हरसाइडचा ‘सेकंड लाइफ सिंड्रोम’ (२००५) फ्लॉइडकडून मेटलकडे हळूहळू यायचं असेल तर.

पॉर्क्युपाइन ट्री की ओपेथ

या जोडीला मी शेवटी ठेवलं, कारण माझा रस्ता इथूनच गेला. पॉर्क्युपाइन ट्रीचा स्टीव्हन विल्सन यानं ओपेथच्या ‘ब्लॅकवॉटर पार्क’च्या (२००१) निर्मितीत काम केलं, आणि त्यानंतरच्या ‘इन ॲबसेन्शिया’त (२००२) त्याच्या स्वतःच्या बँडची गिटार जड झाली. दोन्ही अल्बम शेजारी ठेवून ऐकले तर एकमेकांच्या खिडक्या उघडल्यासारखं वाटतं.

ग्रोल अजिबात नको, पण मेटलचं वजन हवं, तर पॉर्क्युपाइन ट्री. ‘फिअर ऑफ अ ब्लँक प्लॅनेट’ (२००७) पन्नासेक मिनिटांचा, सहाच गाण्यांचा. पडद्यासमोर बधिर होत चाललेल्या मुलाबद्दलचा. त्यातल्या सतरा मिनिटांच्या ‘ॲनेस्थेटाइझ’मध्ये रशच्या ॲलेक्स लाइफसनचा सोलो आहे आणि त्याच अल्बमवर फ्रिपही आहे. म्हणजे वर ज्यांच्याबद्दल सांगितलं, त्यांच्यातले दोघं इथे पाहुणे म्हणून भेटतात. गेव्हिन हॅरिसनचे ड्रम इतके सहज आहेत की अवघड काय चाललंय ते तिसऱ्यांदा ऐकताना कळतं.

ओपेथमध्ये ग्रोलचा प्रश्न टाळता येत नाही, पण वळसा घालता येतो. २०११ च्या ‘हेरिटेज’पासून चार अल्बम ग्रोलविना आले, आणि २०२४ च्या ‘द लास्ट विल अँड टेस्टामेंट’मध्ये तो परतला. जुन्या काळातला ‘डॅम्नेशन’ (२००३) तर पूर्ण शांत आहे, जड गिटारसुद्धा नाही. दोन वर्षांनी मी परतले ती त्या अल्बमनं. ओपेथचा गायक मिकाएल ऑकरफेल्ट याचा हलका, थकलेला आवाज महिनाभर रोज रात्री ऐकत होते. मग मित्रानं दिलेला ‘ब्लॅकवॉटर पार्क’ पुन्हा लावला, आणि या वेळी गुरगुरणाऱ्या आवाजातही तोच माणूस ओळखू आला. गिटार थांबते, दोन ओळी तो मऊ आवाजात म्हणतो आणि पुन्हा ग्रोल येतो, तेव्हा तो मला राग वाटला नाही. बोलता न येणारं दुःख वाटलं. हेडफोन काढावेसे वाटले नाहीत. बारा मिनिटांचं शीर्षकगीत संपलं आणि मी पुन्हा पहिल्या गाण्यावर गेले.