लातूर, औसा रोडवरचं स्पीच थेरपी केंद्र : शिट्ट्या नाहीत, थेट उच्चारावर काम

माझं लेकरू साडेचार वर्षांचं. काकाला 'ताता', गायीला 'दाय', कांद्याला 'तांदा'. घरात आम्हाला कळायचं, पण अंगणवाडीत पोरं चिडवायची, मग ते तोंडच उघडायचं नाही. कुणी वेखंड उगाळून लावा म्हणालं, कुणी जिभेखालची शीर कापून घ्या. आधी दुसऱ्या एका ठिकाणी नेलं होतं. जीभ कमजोर आहे म्हणून तिथं कित्येक महिने शिट्ट्या, साबणाचे फुगे, स्ट्रॉ, गालाला मसाज. पैसे गेले, 'ताता' तसाच राहिला.

इथल्या मॅडमनी सगळ्यात आधी कानाची तपासणी करून आणायला लावली. मग टॉर्च लावून टाळू आणि जिभेखालचा पडदा बघितला. ओठाला मध लावून चाटायला सांगितलं, गाल फुगवून धरायला लावले, 'प-त-क' भरभर म्हणून घेतलं. पोरगा 'प-त-त' म्हणत होता. भाकरी चावतो का, लाळ गळते का, पाणी पिताना नाकातून येतं का, सगळं विचारलं. मग म्हणाल्या, स्नायूंना काही झालेलं नाही. बोलायला ताकद थोडीच लागते. नेमकी जागा आणि वेग लागतो, आणि तो बोलूनच येतो. 'क' ला जिभेचा मागचा भाग वर टेकायला हवा, हा शेंडा दातांमागं लावतो.

मग चटईवर उताणं झोपवून, लाकडी पट्टीनं शेंडा अलगद खाली धरून 'क' काढून घेतला. आधी शेवटी 'क' येणारे शब्द : नाक, एक, ताक. 'ताक' पहिल्यांदा नीट निघालं तेव्हा पोरगं स्वतःच आरशात बघत राहिलं. 'काका' त्यानंतर आलं.

तोंडाच्या स्नायूंचं काम त्या करतच नाहीत असं नाही. सेरेब्रल पाल्सीची, म्हणजे मेंदूला इजा झाल्यानं हालचालींवर नीट ताबा नसलेली लेकरंही येतात. त्यांचं ओठ मिटणं, चावणं, गिळणं, कपानं पाणी पिणं यावर त्या फार जीव लावून मेहनत घेतात. पण ते खाण्यापिण्यासाठी आणि लाळेसाठी, उच्चारासाठी वेगळा सराव. हा फरक पालकांना समजावून सांगणारं माणूस मला इथंच भेटलं.

पालकाला आत बसू देतात, घरचा अभ्यास वहीत लिहून देतात. भारतीय पुनर्वास परिषदेची (स्पीच थेरपिस्टची नोंदणी करणारी सरकारी संस्था) नोंदणी भिंतीवर लावलेली आहे. कुठंही जा, ती बघूनच जा. तक्रार एकच. केंद्र वरच्या मजल्यावर आहे, लिफ्ट नाही. चालता न येणारं लेकरू कडेवर घेऊन आया जिने चढतात, हे बघवत नाही. खाली एखादी खोली घ्यायलाच हवी.

फी झेपत नसेल तर अंगणवाडीत तपासणीला येणाऱ्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकाला दाखवा. २०१३ पासूनची योजना आहे, १८ वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी, मोफत.

आमचा 'ग' अजून कच्चा आहे, त्यावर काम चालू आहे. संध्याकाळच्या वेळा लवकर भरतात, आधी फोन करून जा.