सांगलीतलं सुटं बियाणं: टोमॅटो घ्या, मिरची निवडून घ्या

सांगलीत मार्केट यार्डाकडच्या एका दुकानात टोमॅटो, वांगी आणि मिरचीचं गावरान बी ग्रॅमवर सुटं मिळतं. तिन्ही पिकं सोलॅनेसी कुळातली, पण बी तीन तऱ्हेचं. मालाचा दर्जाही तिन्हींत सारखा नाही.

टोमॅटोचं बी बिनघोर घ्यावं असं. चपटं, राखाडी, अंगावर रेशमी लव. गर जास्त आंबला की बी काळवंडतं, तसा दाणा इथं दिसत नाही. लवेमुळे दाणे एकमेकांना चिकटतात, म्हणून ट्रे भरण्याआधी कोरड्या राखेत हलकेच चोळून सुटे करा.

वांगं 'कृष्णाकाठचं काटेरी' म्हणून देतात. बी गुळगुळीत, पिवळसर तपकिरी, कडेला बारीक खाच. फळ झाडावर पिवळं पडायच्या आत तोडलं की बी पोचट राहतं आणि पाण्यात तरंगतं. पुडीत असं बी चिमूटभर निघतं. ते काढून टाकलं की बाकीचं पेरायला हरकत नाही. वाण तेच का, हे नुसतं बी बघून कुणालाच सांगता येत नाही. तिथं दुकानदाराच्या शब्दावरच भिस्त.

खरी भानगड मिरचीत आहे. चांगलं बी फिकट पिवळं, पातळ, चकतीसारखं, एका बाजूला चोचीसारखं टोक. इथल्या ढिगात तपकिरी डागाळलेले दाणे बरेच आहेत; फळकुज लागलेल्या मिरच्या न निवडताच कुटल्या की असं होतं. शिवाय मधूनच एखादा जाडसर, कानाच्या आकाराचा, दुहेरी कडेचा दाणा सापडतो. तो धोतऱ्याचा. शंका आली तर दाणा ब्लेडनं उभा चिरा. मिरचीत आतला अंकुर ६ च्या आकड्यासारखा आत वळलेला असतो, धोतऱ्यात त्याचं टोक बाहेर वळतं. चावून बघायच्या भानगडीत पडू नका, धोतरा विषारी आहे. उरलेलं बी कुणी फोडणीत टाकू नये, म्हणूनही हे सांगणं.

प्रमाणित बियाण्याची किमान उगवण टोमॅटो-वांग्याला ७० टक्के आणि मिरचीला ६० टक्के धरतात, ओलावा जास्तीत जास्त ८ टक्के. सुट्या मालाला लेबलच नसतं, मग चाचणी आपणच करायची. १०० दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून सावलीत ठेवा. टोमॅटो आठवड्यात, वांगं दहा दिवसांत मोजा. मिरचीला दोन आठवडे द्या, थंडीत त्याहून जास्त. दुकानदार कागदी पुडीत बांधून देतो. पावसाळ्यात ती घरी येईपर्यंत सर्दावते. झाकणाची कोरडी बरणी सोबत न्या.