बीआय सॉफ्टवेअर वर्षभर वापरल्यावर: बाकी झकास, वायटीडीने मात्र घाम काढला

दुकानाच्या आकड्यांचे रिपोर्ट करायला हे बीआय सॉफ्टवेअर घेतलं. चार्ट, स्लायसर (फिल्टरची बटणं), मोबाइलवर रिपोर्ट, हे सगळं व्यवस्थित चालतं, त्यावर लिहीत बसत नाही. वायटीडी, म्हणजे वर्ष सुरू झाल्यापासून आजपर्यंतची बेरीज, यावरून ऑगस्टमध्ये आमच्या कन्सल्टंटशी जे वाजलं त्याबद्दलच लिहितो.

फोंड्यात काजू-मसाल्याचं दुकान, म्हापसा आणि मडगावला ब्रँच. शेटना एकच आकडा लागतो, एप्रिलपासून आजपर्यंत विक्री किती. कन्सल्टंटने मेजर (हिशोबाचं सूत्र) करून दिलं, वर व्हेरिएबलमध्ये, म्हणजे आकडा धरून ठेवणाऱ्या नावात, विक्रीची बेरीज, खाली रिटर्न, म्हणजे उत्तर काय द्यायचं ते, त्यात वायटीडी काढणारं टोटलवायटीडी हे फंक्शन आणि त्याच्या आत तो व्हेरिएबल. दिसायला टापटीप, पण जूनच्या ओळीत फक्त जूनची विक्री आणि जुलैच्या ओळीत फक्त जुलैची! फोन केला तर म्हणे तुमचं डेट टेबल (सगळ्या तारखांची यादी) बिघडलंय, बघायला तासाप्रमाणे पैसे पडतील. अरे, टेबलात एक तारीख गाळलेली नाही, डेट टेबल म्हणून मार्कसुद्धा केलंय, पैसे कसले?

गोम व्हेरिएबलमध्येच होती. डॅक्समध्ये, म्हणजे ही सूत्रं लिहायच्या भाषेत, व्हेरिएबल जिथे लिहिलाय तिथल्या फिल्टरप्रमाणे एकदाच मोजतात, मग तो आकडा गोठला. पुढे त्याला कॅल्क्युलेटमध्ये (फिल्टर बदलून मोजणारं फंक्शन) कोंबा नाहीतर टोटलवायटीडीत, जूनचा तो जूनचाच राहतो, आणि एरर येत नाही म्हणून कोणाला पत्ता लागत नाही. बेरीज थेट टोटलवायटीडीच्या आत लिहिली, किंवा एकूण विक्रीचं वेगळं मेजर करून ते आत दिलं, की काम झालं. वर्षअखेर ३१ मार्च हे पण टोटलवायटीडीला सांगावं लागतं, नाहीतर ते ३१ डिसेंबरच धरतं. तुमचं अडलं तर रिटर्नपुढे तात्पुरतं व्हेरिएबलचंच नाव टाका, आत काय बसलंय ते लगेच दिसतं. फुकटची तपासणी.

एवढ्यावर मी व्हेरिएबल वापरायचेच नाहीत असं ठरवलेलं, पण गेल्या वर्षाशी तुलना करताना मत बदललं. चालू महिना अर्धाच झालेला असतो आणि सेमपीरियडलास्टइयर हे फंक्शन गेल्या वर्षीचा अख्खा महिना आणून समोर ठेवतं, मग शेटचा चेहरा पडतो. तिथे शेवटच्या विक्रीची तारीख व्हेरिएबलमध्ये धरली आणि तेवढ्याच तारखा मागे नेल्या की हिशोब बरोबर बसतो. तिथे ते गोठणंच कामाला येतं, म्हणून कापलेला एक स्टार परत दिला.

आता चवथीचं (गणेश चतुर्थीचं) बघा. २०२४ ला ती ७ सप्टेंबरला होती, २०२५ ला २७ ऑगस्टला. म्हणजे ऑगस्टअखेरच्या वायटीडीत २०२५ ला गिऱ्हाइकांची चवथीची खरेदी आली आणि २०२४ ला नाही, शेट खूश, मी मात्र गप्प. आता डेट टेबलात चवथीला किती दिवस उरले त्याचा कॉलम घातलाय, तुलना त्यावरून करतो. आम्ही करतो त्या काजू बियांच्या खरेदीला तर वर्षअखेर ३१ मार्च देतच नाही, सीझन मार्च ते मे, आर्थिक वर्षाने त्याचे मधोमध दोन तुकडे होतात, त्यापेक्षा डिसेंबरच बरा. विक्रीचं वर्ष वेगळं, खरेदीचं वेगळं, सीए कटकट करतो पण करू दे.

कन्सल्टंटचं बिल अजून दिलेलं नाही, देणारही नाही. लायसन्स फक्त शेटना आणि मला, ब्रँचवाल्यांना पीडीएफ व्हॉट्सअ‍ॅपवर जाते, माणशी महिन्याचे पैसे त्यांच्यासाठी कोण भरणार?